स्वानुभवावर आईची सही

१२ जुलै

धाकटे,

तुझी लेक बरी आहे हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. जेवते, झोपते, उंची वाढली आहे. पेन्सिलींची टोकं कुरतडायची सवय काही गेलेली नाही. तू तिला खारू म्हणतेस ते उगीच नाही. माझ्याकडे आली तेव्हा कपाटाआड उभी राहून बोलायची, आता मलाच शिकवते. घरी मावशी आणि वर्गात मॅडम, हे तिनं इतकं चोख पाळलं आहे की कधीकधी स्वयंपाकघरातसुद्धा मॅडम म्हणून हाक मारते आणि मग स्वतःच हसते.

यंदा दहावीच्या इंग्रजीला मी कथनावर भर दिला आहे. आधी आम्ही दुसऱ्यांच्या गोष्टी वाचतो, त्या कशा बांधल्या आहेत ते उलगडतो आणि मग मुलांनी आपल्या आयुष्यातला एक प्रसंग गोष्टीसारखा लिहायचा. मी फळ्यावर टेकडी काढते. पायथ्याला माणूस, चढावर अडचण, माथ्यावर तो क्षण, आणि उतारावर त्याच्यात झालेला बदल. इतकी वर्षं हीच टेकडी काढते म्हणून कार्टी मला टेकडीबाई म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

खारूनं तुझ्यावर लिहिलं. तू तिला माझ्याकडे पाठवलंस तो दिवस. त्यात तू बसमागे धावतेस, तुझी चप्पल निसटते, कंडक्टर हसतो, खारू खिडकीशी रडते. संपलं. भाषा नीटनेटकी आहे, पण गोष्ट नाही. बसमागे धावणाऱ्या आया मला दर वर्षी गठ्ठ्यानं मिळतात. मी लाल पेनानं लिहिलं, 'मग काय बदललं?' आणि वही परत दिली. फुगून बसली होती, पण पुन्हा लिहायला घेतलं आहे.

मी मागे लागते याला कारण आहे. एका शिक्षणसंस्थेची स्पर्धा आहे, दहावीच्या मुलांसाठी, इंग्रजीत स्वानुभव लिहायचा. पहिल्या येणाऱ्याला त्यांच्या निवासी कॉलेजात दोन वर्षं प्रवेश, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं त्यांच्याकडे. तसलं कॉलेज आपल्या घराण्यात कुणी फाटकाबाहेरूनही पाहिलेलं नाही.

एप्रिलचं आपण नंतर बोलू.

ताई

———

२४ जुलै

ताई,

एप्रिलचं नंतर काय बोलायचं? दहावीची परीक्षा झाली की खारू घरी येणार, हे ठरलं तेव्हा तूही मान डोलावली होतीस. शेजारची बाई मुलाकडे राहायला गेली, तिची मागची खोली मी भाड्यानं घेतली आहे. लहान आहे, पण दार लावलं की आपली आपण. टेबल मिळालं, एक पाय आखूड आहे, खाली लाकडाचा तुकडा सरकवला. आता सासऱ्यांचं खोकणं तिच्या अभ्यासाच्या आड येणार नाही.

सासरे तसेच आहेत. पडूनच असतात, माणसं ओळखतात, खारू कुठे म्हणून रोज विचारतात. ह्यांचा ट्रक अजून उत्तरेकडच्या फेऱ्यांवर असतो. घरी आले की पाहुण्यासारखे बसतात आणि पाहुण्यासारखेच जातात. मी आणि हॉस्पिटलचं धुलाईघर, बस. इस्त्रीच्या टेबलाशी मला बढती मिळाली, म्हणजे पूर्वी ओल्या चादरी उचलायचे, आता गरम उचलते.

टेकडीबाई हे नाव झकास आहे. पोरांना बरोबर कळतं. तुला लहानपणीही सरळ वाटेनं गेलेलं कधी आवडलं नाही.

पण ताई, मी बसमागे धावले ते खारूला आठवतंय? तिनं ते लिहिलं? मला वाटलं होतं विसरली असेल, कारण परत कधी बोलली नाही. अगं, तिला खिडकीशी बसवलं आणि मी पाठ फिरवून निघाले होते. तोंड दाखवायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. दाराशी पोचले आणि मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग काय झालं कोण जाणे, पायच फिरले. सगळा स्टँड बघत होता. कामावर उशिरा पोचले आणि एका पायात चप्पल बघून मुकादम म्हणाला, दुसरी काय वॉर्डात भरती केली?

तुझ्या लेखी ती गोष्ट नसेल. मला मात्र तुझं पत्र वाचून दिवसभर इस्त्री हलकी लागली. तिला म्हणावं, आहे तेच राहू दे.

धाकटी

———

५ सप्टेंबर

धाकटे,

अभिनंदन तुझं आणि माझंही. खारूचा लेख स्पर्धेच्या निवडक लेखांत आला. संस्थेनं त्यांचं मासिक छापलं आहे, त्याची प्रत सोबत पाठवते. कव्हर लावून ठेव.

तुला इंग्रजी जड जाईल म्हणून थोडक्यात सांगते. एक मुलगी घर सोडून शिकायला जाते. आई तिला बसवून देते. आई ठाम दाखवली आहे, कुठेही रडारड नाही. मुलीला सुरुवातीला एकटं वाटतं, पण हळूहळू ती स्वतःच्या पायावर उभी राहते. शेवट आशेचा आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवला, तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा गप्प होती. माझ्या सगळ्या नोकरीत असं लिखाण माझ्या वर्गातून बाहेर पडलेलं नव्हतं. चार वेळा लिहून घेतलं, पण पोरीनं सोनं केलं.

अंतिम निकाल महिनाअखेर लागेल.

ताई

———

१६ सप्टेंबर

ताई,

मासिक मिळालं. कव्हर लावलं नाही.

तुझं थोडक्यात वाचून मी हुरळले. मासिक घेऊन कामावर गेले. चहाच्या सुट्टीत वॉर्डातली मोठी सिस्टर आमच्या टेबलाशी येऊन बसते, तिला म्हटलं, माझ्या लेकीनं लिहिलंय, जरा अर्थ सांगा. सगळ्या बायका इस्त्र्या उभ्या करून जमल्या. मीच बोलावल्या होत्या.

सिस्टर एकेक वाक्य वाचायची आणि आपल्या भाषेत सांगायची. सुरुवातीला छान चाललं होतं. मग तिचा आवाज बारीक व्हायला लागला. मग म्हणाली, "राहिलेलं उद्या बघू."

मी म्हटलं, "वाचा. माझंच आहे, मला ऐकू द्या."

तर ऐकलं. आई मुलीला बसमध्ये बसवते. पिशवी मांडीवर टाकते. घड्याळ बघते, कारण तिला कामावर जायचं असतं. मग पाठ फिरवते आणि निघून जाते. मुलगी खिडकीला नाक लावून बघत राहते, आत्ता वळेल, दाराशी वळेल, रस्त्यावर वळेल. आई वळत नाही. त्या दिवशी मुलीला कळतं की घरात एक पडलेलं म्हातारं माणूस आणि एक पोर यांतलं एकच ठेवायचं होतं, आणि आईनं म्हाताऱ्याला निवडलं. मग मुलगी ठरवते की आजपासून मीच माझी आई. आणि शेवटी बस थांबते, जिना चढते, आणि दार कोण उघडतं? तू. हात पसरून. आयत्या बिळावर नागोबा.

 सिस्टरनं चष्मा पुसला. एकजण म्हणाली, पोरं काहीबाही लिहितात गं. ती माझ्याबरोबर त्याच पाळीला असते. मी एका पायात चप्पल घालून आले तेव्हा तिनंच मला तिची जुनी जोडी दिली होती. तीच आता माझी समजूत घालत होती.

खारूनं हे आपणहून लिहिलं यावर माझा विश्वास नाही. पहिल्यांदा लिहिलं ते खरं होतं, ते तुला पसंत पडलं नाही. चौथ्या वेळेपर्यंत माझा पार कडेलोट झाला. तुझ्या त्या टेकडीवरून, ताई.

आणि मला आई ठाम दाखवली आहे म्हणून कळवतेस? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?

धाकटी

———

२८ सप्टेंबर

धाकटे,

तू चिडशील हे मला माहीत होतं, म्हणूनच मोजकं लिहिलं होतं. आता नीट ऐक.

मी तिच्या तोंडात एक शब्दही घातलेला नाही. तिसऱ्या वेळी वही परत देताना एवढंच विचारलं, आई धावली नसती तर? वर्गात मी सगळ्यांना असंच विचारते. घडलं ते उलटं करून बघा, म्हणजे त्यात काय दडलं होतं ते कळतं. तिनं वही घेतली, दोन दिवस बोलली नाही आणि मग हे लिहून आणलं. ते तिच्या आत नसतं तर आलं असतं का? लिहिणाऱ्याचा 'मी' म्हणजे लिहिणारा नव्हे आणि गोष्टीतली आई म्हणजे तू नव्हेस. हे माझ्या वर्गातली मठ्ठ पोरंही समजतात. शेवटचं दार तर तिचं तिनं लिहिलं आहे. ते मी काढायला सांगायला हवं होतं असं तुझं म्हणणं असेल, तर चांगलं वाक्य मी काढत नाही.

आता मुद्द्याचं. खारू पहिली आली. कॉलेजची जागा तिची आहे.

एक औपचारिकता उरली आहे. स्पर्धा स्वानुभवाची होती, म्हणून लेखातला अनुभव खरा असल्याबद्दल पालकाची सही लागते. छापील कागद सोबत आहे. शेवटच्या ओळीवर सही कर आणि लगेच पाठव. सही नसेल तर जागा दुसऱ्या नंबराला जाते. आणि नुसती जागाच जाणार नाही, मुलीनं खोटं लिहून पाठवलं असं तिच्या आणि शाळेच्या नावावर लागेल. मुख्याध्यापक रोज विचारतात.

तू काय लिहिलंस ते मी खारूला दाखवलेलं नाही. तिनंही विचारलं नाही.

ताई

———

६ ऑक्टोबर

ताई,

गोष्टीतली आई मी नव्हे, पण सही मात्र माझी. हे तुझ्या मठ्ठ पोरांना समजावून दे, मला नाही समजत.

कागद सिस्टरकडून वाचून घेतला. वर लिहिलंय की या लेखात वर्णन केलेला प्रसंग माझ्या माहितीप्रमाणे घडलेला आहे. म्हणजे मी माझ्या हातानं लिहून द्यायचं की मी माझ्या पोरीला गाठोड्यासारखं बसमध्ये टाकलं आणि मागे पाहिलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी खोट्यावर सही करत नाही. हे माझ्यापेक्षा खारूला जास्त ठाऊक आहे. इथल्या शाळेत असताना एकदा मैत्रिणींबरोबर भटकायला गेली आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आली, ताप होता असं लिही म्हणून. नाही दिली सही. दिवसभर वर्गाबाहेर उभी राहिली, घरी येऊन माझ्याशी बोलली नाही, पण पुन्हा तसली चिठ्ठी आणली नाही.

तू खारूलाच विचार ना. समोर बसवून विचार, तुझी आई धावली होती का नाही? ती जे सांगेल ते मला तिच्या हातचं लिहून पाठव. तिची पत्रं आता चार ओळींची येतात. तब्येत बरी, अभ्यास चालू, आजोबांना नमस्कार. तुझ्या वर्गात पानंच्या पानं लिहिणाऱ्या पोरीला आईसाठी चारच ओळी सुचतात?

कागद कोरा परत पाठवत नाही. माझ्याकडेच राहू दे.

धाकटी

———

११ ऑक्टोबर

धाकटे,

वेळ थोडा आहे म्हणून स्पष्ट लिहिते. तू सही दिली नाहीस तर खारूला बसवून सांगावं लागेल की तुझी जागा तुझ्या आईनं घालवली. मला ते सांगायचं नाही.

तू तिला माझ्याकडे का पाठवलंस ते विसरलीस? मी तुझ्याकडे आले होते तेव्हा शाळेच्या वेळी ती पोर म्हाताऱ्याच्या ओल्या चादरी धूत बसली होती. तू कामावर, नवरा ट्रकवर. तूच माझ्यापुढे हात जोडलेस की हिला इथून काढ, नाहीतर हीही जन्मभर चादरीच धुईल. मी काढली. आता तिला आणखी पुढे पाठवायची वेळ आली तर तुला तुझ्या नावाची पडली आहे. कोण वाचतं ते मासिक? तुझ्या इस्त्रीच्या टेबलावरच्या चार बायका?

परत आणून कुठे ठेवणार तिला? भाड्याच्या खोलीत, आखूड पायाच्या टेबलाशी?

ताई

———

१४ ऑक्टोबर

ताई,

सही केली आहे. कागद सोबत आहे.

आमच्याकडे ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे येतात. ते धुताना रक्त कुणाचं हे आम्ही विचारत नाही. धुवून, वाळवून, घडी घालून परत पाठवतो. हेही तसंच पाठवते आहे.

टेबलाबद्दल लिहिलंस ते बरं केलंस. त्याआधी मी डगमगत होते, ते वाचल्यावर राग आला, आणि राग आल्यावर दिसलं की तू म्हणतेस ते खरं आहे. आपली माणसं वर्मी घाव बरोबर घालतात. परक्यांना जागा सापडत नाही. खारू इथं परत आली तर मला सुख होईल, तिचं काय होईल ते मी रोज आरशात बघते.

माझं एकच मागणं आहे. तिला समोर बसवून, तोंडानं सांग की आईनं ही सही तुझ्यासाठी केली. आई वळली होती, धावली होती, आणि तरीही सही केली. मी पत्रात लिहिलं असतं, पण मला लिहिता येत नाही तुमच्यासारखं, आणि पोरीला पत्रातून असलं काही कळवणं बरं दिसत नाही. तुझ्या तोंडून तिला पटेल. तुझ्याकडून मला आणखी काही नको, आयुष्यभर मागणार नाही.

धाकटी

———

२० नोव्हेंबर

धाकटे,

कागद वेळेत पोचला. बक्षीस समारंभ काल झाला. संस्थेच्या सभागृहात जागा मिळेना. खारूनं आपला लेख स्वतः वाचला. आई पाठ फिरवते त्या ठिकाणी ती थोडी थांबली. मी तिला थांबायला शिकवलं होतं, पण इतकं नाही. लोक डोळे पुसत होते. एका बाईंनी तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, बरं झालं तुम्ही होतात.

तुला बोलवावं असं मनात आलं होतं. पण तो लेख वाचला जात असताना तू समोर बसलेली बरं दिसलं नसतं, तुलाही आणि लोकांनाही. तू समजून घेशील.

कॉलेज एप्रिलअखेर सुरू होतं, आधी त्यांचा इंग्रजीचा उजळणी वर्ग असतो. तेव्हा परीक्षेनंतर ती इथूनच परस्पर जाईल. मी सामान भरून देईन.

तू सांगितलेलं लक्षात आहे. सध्या तिची परीक्षा डोक्यावर आहे, मन हलवणं बरोबर नाही. योग्य वेळ बघून बोलेन.

ताई

———

२ डिसेंबर

प्रिय आई,

या वेळी चार ओळी लिहिणार नाही.

तुला माझं बक्षीस कळलं असेलच. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मावशीला दाखवलेली नाही.

तो लेख लिहिला तेव्हा मला वाटत होतं की मी सगळं बनवते आहे. मावशीनं विचारलं, आई धावली नसती तर? मला तिचा इतका राग आला की म्हटलं, घ्या, नव्हती धावली. मुद्दामच अगदी वाईट लिहिलं. मला वाटलं ती म्हणेल, असं नको लिहूस, माझी बहीण आहे ती. ती म्हणाली, आता गोष्ट झाली. मग तो छापून आला आणि मावशीनं तुला पाठवला. मी रोज वाट बघत होते. तू चिडशील, मला चार शिव्या घालशील, विचारशील की कार्टे, मी धावले नव्हते का? तुझं काहीच आलं नाही. मी विचारलं की मावशी म्हणायची, आई कामात आहे.

मग तो सहीचा कागद आला. तेव्हा मात्र मला खात्री होती. तू माझ्या तापाच्या चिठ्ठीवर सही केली नव्हतीस. मी रडले, जेवले नाही, तरी नाही केलीस. म्हणालीस, घडलं नाही त्याच्याखाली माझं नाव येणार नाही. मला वाटलं तू तो कागद फाडशील. वाटलं पहिल्या गाडीनं येशील, शाळेच्या फाटकाशी मावशीशी भांडशील आणि मला घेऊन जाशील. कॉलेज गेलं तरी चालणार होतं. मी माझी बॅग भरून कॉटखाली ठेवली होती. मावशीला अजून माहीत नाही.

कागद आला त्यावर तुझी सही होती. मी मावशीला विचारलं, आईनं सोबत काही लिहिलंय? ती म्हणाली, नाही, सही केली आहे, ते महत्त्वाचं.

मग मी पुष्कळ विचार केला. मी तेव्हा लहान होते. मला वाटतं बसमध्ये रडताना मीच ते धावणं मनात बनवलं असेल. मावशी म्हणते, लहान मुलं आपल्या आयांना धावायला लावतात, दर वर्षीच्या वह्यांत सापडतात. म्हणजे पहिल्यांदा लिहिलं ते बनवलेलं होतं, आणि बनवलं असं वाटत होतं ते खरं होतं. लिहिताना कधीकधी असं होतं म्हणे.

आई, मी रागावलेली नाही. तुला कामावर जायचं होतं. आजोबा होते. दोघांना ठेवणं शक्य नव्हतं हे मला आता कळतं. सुरुवातीला वाईट वाटलं, पण स्टेजवर वाचून दाखवल्यावर सगळं हलकं झालं. मी तुला माफ केलं आहे हे तुला कळावं म्हणून हे पत्र.

बॅग रिकामी करून कपडे परत कपाटात लावले.

तुझी
खारू

———

९ डिसेंबर

खारू बाळा,

माझी अक्षरं वाकडी येतील, सांभाळून वाच.

मी धावले होते. तू बनवलेलं नाहीस. तुला खिडकीशी बसवून मी पाठ फिरवली, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि ते तुला दाखवायचं नव्हतं. दाराशी पोचले आणि बस सुरू झाली. मग मी वळले आणि धावले. तुझी खिडकी पुढे होती, मी मागच्या चाकापर्यंत पोचले. तू हात बाहेर काढला होतास, कंडक्टरनं तुला ओरडून तो आत घ्यायला लावला. माझी चप्पल तिथेच राहिली. हे सगळं तू पहिल्यांदा लिहिलं होतंस ते बरोबर होतं. त्यात काहीही कमी नव्हतं.

लेख कळला तेव्हा मी चिडले होते. तुझ्या मावशीला चांगली खरमरीत पत्रं लिहिली. तिनं ती तुला दाखवली नाहीत, आणि सहीबरोबर मी जो निरोप दिला तोही तिनं तुला दिला नाही. तिच्याशी मी माझं बघून घेईन.

सही मी खोटी केली. आयुष्यात एकदाच केली. नाही केली तर तुझी जागा जाणार होती. तुला परत आणून आजोबांच्या चादरींशी बसवायचं मला नको होतं. आजोबा आणि तू यांत मी कुणाला निवडलं असेल तर तुला निवडलं, म्हणून तर तुला पाठवलं. एवढंच आहे. मला यापेक्षा चांगलं लिहिता येत नाही.

तू बॅग भरून ठेवली होतीस हे मला ठाऊक असतं तर मी चालत आले असते.

आई

———

२१ डिसेंबर

प्रिय आई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाचताना रडू आलं. तू इतकं छान लिहू शकतेस हे मला माहीतच नव्हतं. मागच्या चाकापर्यंत पोचले, हे तर कुणालाही सुचलं नसतं.

मावशीला विचारलं. ती आधी वह्यांचा गठ्ठा आवरत बसली. मग म्हणाली, तुझ्या आईला फार वाईट वाटतंय, म्हणून तिनं असं लिहिलं असेल, तू तिला दुखवू नकोस. मी दुखवणार नाही. मी तिला विचारलं, आईनं तुला खरंच पत्रं लिहिली होती का? ती म्हणाली, घरगुती होती, मी ठेवली नाहीत.

मला कळलं, आई. माझं पत्र वाचून तुला जड गेलं असेल आणि मला बरं वाटावं म्हणून तू हे लिहिलंस. माझ्यासाठी असं कुणी कधी लिहिलं नव्हतं, मी ते जपून ठेवीन. पण तू सही केली आहेस, आणि तुझी सही म्हणजे काय ते मला माहीत आहे. तूच ते शिकवलंस. सगळ्या शाळेला, मावशीला, मासिकवाल्यांना मी खोटं मानू शकते, तुझ्या सहीला नाही.

आता तुला माझ्यासाठी काही रचायची गरज नाही. मी मोठी झाले आहे.

परीक्षा मार्चमध्ये संपेल. कॉलेजला जाण्याआधी जमलं तर दोन दिवस येऊन जाईन. शेजारच्या खोलीबद्दल मावशीनं सांगितलं, पण तेवढ्यासाठी भाडं भरत बसू नकोस, मी कुठेही झोपेन. स्टँडवर घ्यायला यायची तसदी घेऊ नकोस, तुझी पाळी असेल. मला रस्ता आठवतो.

तुझी
खारू